आयोडीनची चमक

१८ ऑगस्ट
सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवल्यावर आज संस्थेच्या तिघांसमोर नमुना पाठ. मिरजगावला कायम जागा एकच. बारावी, हॅलोजन. क्लोरीन, ब्रोमीन तोंडपाठ. बंद बाटलीतले आयोडीनचे खडे फिरवले, तर वैष्णवी उभी. "मॅडम, हे तर लोखंडावानी चमकतंय. मंग यातलं कोनीच धातूसारखं वागत न्हाई का?" ठणकावून सांगितलं, एकही नाही. वर्गाने लिहून घेतलं. मागच्या तिघांनी माना डोलावल्या. छान झालं म्हणायचं.

१९ ऑगस्ट
छान कसलं. शंका आली म्हणून सकाळी बी.एस्सी.चं पुस्तक काढलं. आयोडीनवर प्रचंड दाब दिला की त्यातून धातूसारखी वीज वाहते. आणि गटात त्याच्याही खालचं अॅस्टेटीन, डोळ्यांना दिसेल इतकंही कुणी जमवलेलं नाही, ते धातूसारखं असावं असा अंदाज. खाली जाऊ तसा धातूपणा वाढतो, हे दर वर्षी मीच शिकवते. गाढव मी.

२० ऑगस्ट
प्राचार्यांना सांगितलं. शनिवारी संस्थेचे तेच तिघे वर्गातली एक वही बघणार, नमुना म्हणून वैष्णवीची ठरलीय, तिचं अक्षर छान. "नेमणुकीची ऑर्डर हातात पडू द्या मॅडम, मग काय ते दुरुस्त करा." माझ्या भल्याचंच बोलले. तरी राग आला. त्यांचा की माझा...

२२ ऑगस्ट
वैष्णवीने पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "खाली जाताना धातूपना वाढतो म्हनला हुता ना तुमी? मंग एकबी न्हाई कसं?" तडक वर्गात गेले, फळ्यावर खरं उत्तर लिहिलं. म्हटलं, सोमवारी मी चुकले, लिहून घ्या. वळून बघते तर प्राचार्य दारात. फळा वाचून तसेच माघारी गेले. भीती वाटतेय. घरी सांगितलेलं नाही.

२३ ऑगस्ट, स्टाफरूम
वही आत तिघांकडे जाण्याआधी उघडून पाहिली. सोमवारच्या वाक्यावर पट्टीने मारलेली एक रेघ, खाली नवं उत्तर, आणि समासात सुवाच्य अक्षरात: "मॅडम चुकल्या होत्या. त्यांनीच सांगितलं." ते पान फाडावंसं वाटलं. खोटं कशाला लिहू, दोन बोटांत धरलंही होतं. मग वही तशीच दिली.

अर्धा तास झाला. शिपाईमामा आत्ता सांगून गेले, मॅडम, बोलावलंय, आणि त्या पोरीलाबी घेऊन या म्हनले.