दोन क्रेडिटं आणि अडकलेली लिफ्ट

ती. आत्या,

नमस्कार. (बसूनच केला आहे, पण मनापासून.) गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असं बजावल्यावर तू वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाणं सोडलंस की डॉक्टरांकडे, तेवढं कळव. (आई म्हणते, डॉक्टरांकडे.) फोनऐवजी पत्र लिहितोय, कारण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि या हकिकतीला मुद्द्यावर यायला जरा वेळ लागतो.

आमच्या एमबीएत नुसता अभ्यास करून भागत नाही. अभ्यासाबाहेरचा 'व्यावसायिक विकास' करून दोन क्रेडिटं मिळवावी लागतात, नाहीतर पदवी अडते. त्यासाठी कॉलेज सरावाच्या खोट्या मुलाखती घेतं, हस्तांदोलनाची कार्यशाळा घेतं (हात किती जोरात दाबावा यावर दीड तास, शेजारच्याने सराव म्हणून माझा असा दाबला की दोन दिवस पेन धरवेना), आणि एक संध्याकाळ ओळखी वाढवायला ठेवतं. त्या संध्याकाळी एखाद्या अनुभवी पाहुण्याला गाठून आपला मार्गदर्शक व्हायला राजी करायचं, मग एक दिवस त्याच्या कामावर जाऊन अहवाल लिहायचा.

मी पोचेपर्यंत बरे बरे पाहुणे पटकावले गेले होते. माझा खोलीतला सोबती, ज्याला आम्ही सीईओ म्हणतो (तो टाय लावूनच झोपतो असा संशय आहे), एकाच वेळी दोन बँकवाल्यांशी हसत होता. मी बिस्किटांची बशी घेऊन दाराशी गेलो. तिथे करड्या कोटातले एक गृहस्थ एकटेच चहा पीत उभे होते. मी हात पुढे केला (मध्यम जोर) आणि आपण काय करता म्हणून विचारलं. ते म्हणाले, "अकरा इमारती आहेत माझ्याकडे. सगळे चढउतार मीच बघतो." आत्या, मी भारावलो. अकरा इमारती असून माणूस इतका साधा. काही अडलं तर काय करता, विचारलं, तर म्हणाले, "आधी वंगण घालून बघतो." मी ते वहीत लिहून घेतलं आणि अधोरेखित केलं. मार्गदर्शक व्हाल का विचारलं, तर त्यांनी दिवस ठरवून पत्ता दिला.

ठरल्या दिवशी कोट-टाय घालून दिलेल्या पत्त्यावर गेलो, तर गृहस्थ तळघरात हत्यारांची पिशवी भरत होते. ते लिफ्ट दुरुस्त करणारे निघाले. करडा कोट हा त्यांच्या कंपनीचा गणवेश. कॉलेजची लिफ्ट कुरकुरते म्हणून त्या दिवशी आले होते आणि चहा होता म्हणून थांबले होते. काहीतरी कारण सांगून सटकावं असं वाटलं, तुझ्याशी कशाला खोटं बोलू. पण त्यांनी बायकोला सांगून माझ्यासाठीही डबा आणला होता. मग कसा जाणार?

दुपारी सातव्या इमारतीत लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत चार माणसं. लिफ्टवाल्यांना गच्चीवरच्या खोलीत जाऊन चाक हाताने फिरवायचं होतं. ते मला म्हणाले, "मी खाली येईपर्यंत दाराशी उभा राहा आणि त्यांच्याशी बोलत राहा. दार कुणाला ओढू देऊ नकोस." आणि गेले. आत एक वयस्क बाई होत्या, त्यांना श्वास लागायला लागला. एकजण दारावर लाथा घालत होता. मी खोट्या मुलाखतींत शिकवलेला आश्वासक आवाज काढला, तर आतून कुणीतरी विचारलं, "हे रेकॉर्डिंग आहे का?"

मग तू आठवलीस. तुझ्या कारखान्याच्या पाळणाघरात आया पोरांना सोडून कामावर गेल्या की पोरं भोकाड पसरायची, आणि तू एकेकाला विचारायचीस, "तुझ्या बुटांचा रंग कोणता?" मी तेच विचारलं. मग लाथा घालणारा म्हणाला, "तपकिरी." बाई म्हणाल्या, त्यांच्या चपला नव्या आहेत आणि चावतात. त्यावर बाकीचे दोघे चपला कशा सैल कराव्यात यावर भांडू लागले. बावीस मिनिटं आम्ही पादत्राणांवर बोललो. लिफ्ट हळूहळू चौथ्या मजल्याला लागली तेव्हा बाई चपला हातात घेऊन बाहेर आल्या आणि घामेजल्या हाताने माझा हात धरून उभ्या राहिल्या. (जोर किती होता ते बघायचं राहिलं.) लिफ्टवाले खाली आले, माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "जमलं की तुला. कोट मात्र घालून येऊ नकोस, ग्रीस लागतं."

एकंदरीत माझा विकास उत्तम चालला आहे. काळजी नसावी. गुडघ्याला जप.

तुझा,
भाचा

ता. क. लिफ्टवाले मार्गदर्शकांच्या नियमांत बसत नाहीत, असं म्हणून कॉलेजच्या समन्वयक बाईंनी अहवाल परत केला. मार्गदर्शकाला माणसं सांभाळायचा वीस वर्षांचा अनुभव हवा म्हणे. तू तर एकतीस वर्षं सांभाळलीस, तीही रडती. होशील का माझी मार्गदर्शक?

ता. ता. क. तुझं नाव मी कालच भरून दिलं आहे. बाई गुरुवारी अकरा वाजता तुला फोन करतील. माझे दोष विचारतील. तुला बरेच आठवतील, पण फॉर्ममध्ये जागा एकाच ओळीची आहे.