मंगल कलशाची साठ कार्डे

मु. पो. केवडगाव, ता. लोहा
शनिवार, १२ मार्च २०१६

श्री. गुंडप्पाअण्णा यांच्या सेवेशी,

बसवंत मास्तरचा शरणु शरणार्थ. आपल्या गुडघ्याला निर्गुडीचे तेल लागू पडले असावे, वहिनींचा खोकला थांबला असावा आणि लग्नसराईच्या तोंडावर आपला छापखाना दणाणत असावा, असे धरून चालतो. शिवकांता खुशाल आहे. (आपली बहीण म्हणून तिचे आधी लिहिले, माझी चौकशी आपण पुढच्या पत्रात केलीत तरी चालेल.)

आता तक्रार. मी आपल्याकडे साठ कोरी कार्डे मागितली होती. आपण पाठवली त्यांच्या डाव्या कोपऱ्यात मंगल कलश आहे, त्यावर आंब्याची पाने, त्यावर नारळ, आणि खाली सोनेरी वेलबुट्टी. कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नातला हा शिल्लक माल असावा. शब्दकोशात 'कोरे' म्हणजे ज्यावर काही नाही ते. छापखान्यात ज्यावर नवरानवरीचे नाव नाही ते कोरे, हे मला आता कळले. एरवी मी इतक्या क्षुल्लक गोष्टीवर शाई खर्च केली नसती, पण त्या कलशापायी मला नोटीस आली आहे आणि तिचे उत्तर सोमवारच्या आत द्यायचे आहे. म्हणून मुळापासून सांगतो.

दिवाळीनंतर परिपत्रक आले की प्रत्येक शाळेने जागतिक नागरिकत्व व शाश्वत विकास यांचा कक्ष उघडावा. कक्ष म्हणजे खोली नव्हे; एक फाईल आणि एक माणूस. फाईल आमचे मुख्याध्यापक शेषेराव यांनी दिली आणि माणूस म्हणून मला दिले. कारण त्यांनी सांगितले ते असे, की माझ्या संस्कृतला अकराच मुले आहेत, आणि सारी पृथ्वी एक कुटुंब असल्याचे तुम्हीच लोक पहिल्यापासून सांगत आला आहात, तेव्हा आता तुम्हीच निस्तरा. नांदेडला दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. पाणी वाचवण्यावर बोलणाऱ्या बाई फार तळमळीने बोलल्या आणि आम्हा प्रत्येकापुढे पाण्याची सीलबंद बाटली होती. (निघताना मी लोकांनी अर्धवट टाकलेल्या नऊ बाटल्या पिशवीत भरल्या. माझ्यामागे आणखी मास्तरांची रांग होती. प्रशिक्षणाचा तेवढा भाग सर्वांना समजला होता.)

आमची शाळा नांदेड जिल्ह्याच्या शेवटच्या टोकाला आहे हे आपण जाणताच. ओढा ओलांडला की तांबोळवाडी, आणि ती लातूर जिल्ह्यात. निम्मी पोरे तिकडून येतात. ओढ्याला दोन वर्षे पाणी नाही, त्यामुळे हद्द कुठे आहे हे आता फक्त तलाठी आणि टँकरचा ड्रायव्हर एवढ्यांनाच ठाऊक. गावाला दिवसाला एक टँकर मंजूर आहे. वाडीच्या टँकरचा कागद तिकडच्या तालुक्यात दोन महिने फिरतो आहे, आणि आता उदगीर नवा जिल्हा होणार अशी बोलवा असल्याने, पाणी जुन्या जिल्ह्याने द्यावे की नव्याने, असाही एक विचार म्हणे चालू आहे. वाडीच्या साखराबाईंचा जन्म त्याच वाडीतला आणि सासरही तेच. बाई जागच्या हलल्या नाहीत, पण बीदर, उस्मानाबाद आणि लातूर असे तीन जिल्हे त्यांना हिंडून झाले आहेत.

तर उपक्रम क्रमांक चार: प्रत्येक विद्यार्थ्याने आपले पृथ्वी-नागरिक कार्ड तयार करावे. नाव, वय, आणि पत्ता म्हणून 'पृथ्वी'. खाली कक्षप्रमुखाची, म्हणजे माझी, सही. पोरे म्हणाली, शिक्का पाहिजे. मी समजावले की ही भावना आहे, भावनेला शिक्का नसतो. साखराबाईंची नात महानंदा नववीत आहे. ती म्हणाली की मग घरी कुणी खरे मानणार नाही. पोरीचे बरोबर होते. निजामाच्या अमदानीपासून आपल्या मुलुखात गोल शिक्क्याशिवाय मेलेला माणूससुद्धा मेलेला धरत नाहीत. मी शाळेचा शिक्का मारला.

तिसऱ्या दिवशी साखराबाई नातीचे कार्ड आणि दोन घागरी घेऊन आमच्या टँकरच्या रांगेत उभ्या. ग्रामसेवक भुजंगराव यादी वाचून एकेकाला सोडतात. त्यांनी बाईंना हटकले. बाईंनी कार्ड पुढे केले. "मास्तरनं दिलंय. शिक्का हाय. वर पाण्याची कळशी बी काढलीया, दिसंना का तुमास्नी?" भुजंगरावांनी शिक्का पाहिला, सही पाहिली, आपण छापलेला कलश पाहिला, आणि हे पाण्याचे नवे कार्ड निघालेले दिसते, आपल्यालाच कुणी कळवले नाही, असे समजून वहीत नोंद केली. (पत्ता त्यांनी वाचला नाही. ते पत्ता कधीच वाचत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यावर वाडीची अकरा माणसे. मी पाठशाळेत आठ वर्षे तर्कशास्त्र घोकले आहे, तेव्हा शांतपणे सांगितले की हे कार्ड मनाच्या विशालतेसाठी आहे, घागरीसाठी नाही. सगळ्यांनी ऐकून घेतले. मग साखराबाई म्हणाल्या, "मंग पोरीला शिकवताय ते खोटं हाय का?"

अण्णा, मी आत जाऊन उरलेली कार्डे आणि शिक्का घेऊन आलो.

त्यानंतर आठवड्याने शाळेत एकाच टपालात शिक्षण कार्यालयाची दोन पत्रे आली. एकात आमचा उपक्रम इतर शाळांनी पाहण्याजोगा असल्याचे कळवून फोटो मागवले होते. दुसऱ्यात, टँकरच्या वहीतल्या नोंदींवरून, संस्कृतच्या शिक्षकाने पृथ्वीचे नागरिकत्व कोणत्या अधिकारात बहाल केले, याचा खुलासा मागितलेला होता. शेषेरावांनी पहिले पत्र भिंतीवर लावले आणि दुसरे माझ्या हातात दिले. मी दोन खुलासे लिहून ठेवले होते. पहिल्यात कार्ड हा केवळ वर्गातला खेळ आहे. तो दिला की मी सुटतो आणि वाडी दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे परत. दुसऱ्यात कार्ड खरे आहे आणि देणारा मी आहे. तो दिला की वाडीला चौकशीचा निकाल लागेपर्यंत पाणी आणि मला बहुधा घरचा रस्ता. शिवकांताने दोन्ही वाचून पहिल्यावर दुधाचे पातेले ठेवले. दुसरा मी आज पोस्टात टाकला.

वहिनींना नमस्कार. तेलाचा गुण कळवावा.

आपला,
बसवंत

ता. क. कार्डे संपली. पत्र मिळताच पहिल्या एसटीने आणखी शंभर पाठवावीत. कलशासहितच हवीत, मी घरी पुठ्ठा कापून साधी केली होती, ती वाडीने नकली म्हणून परत केली. वरची तक्रार मागे घेतली आहे.

आणखी ता. क. हे लिहायचे नव्हते. आमच्या गल्लीतल्या गौरम्मा गावच्या यादीत पहिल्या पानावर आहेत. काल त्या सहापासून उभ्या होत्या, पण वाडीच्या बायका चारलाच आल्या होत्या. गौरम्मांची पाळी येण्याआधी टँकर संपला. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. मला वाटले भांडतील. त्या म्हणाल्या, "मास्तर, मला बी त्ये कळशीचं कार्ड द्या की एक." तुमचा हक्क आधीपासूनच आहे, हे मला त्यांच्या रिकाम्या घागरीसमोर सांगता आले नाही. शेवटचे एक होते ते दिले. नोटिशीची मला भीती नाही. शंभर कार्डे आपण एका दुपारी छापाल, पण टँकर एकच येतो. सोमवारी नववीला उपक्रम पाच घ्यायचा आहे, 'वाटून घेणे', आणि तो कसा शिकवायचा हे मला येत नाही.