चौदा दिवसांचा पट्टा

३ जून

चि. ठकूस, अ. उ. आ.

तुझा पट्टा पोचला. काड्यापेटीएवढी डबी, तिच्यावर हिरवा दिवा आणि सोबत तुझं दोन पानी हुकूमपत्र: चौदा दिवस कंबरेला बांधायचा, फक्त अंघोळीला काढायचा. मी किती वेगाने चालते, खुर्चीतून उठायला किती वेळ घेते, वळताना तोल जातो का, हे सगळं म्हणे ही डबी टिपणार आणि तुझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला कळवणार. चाळीस वर्षं शिवणकाम करून मी बायकांची मापं घेतली. आता माझं माप निघतंय, तेही दिवसभर.

थट्टा सोडून सांगते, मी घाबरले आहे. गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरले तेव्हापासून तू वृद्धाश्रमाचा धोशा लावला आहेस. आकडा खाली आला की मला तिकडे धाडशील आणि धाकटी या तिसऱ्या मजल्यावर एकटी राहील. ती धडधाकट, तिला तिथे कोण घेणार? जन्मभर एका घरात राहिलो आम्ही. तुझी आई गेली तेव्हाही एकमेकींना धरून होतो.

धाकटी मजेत आहे. कवायतीची बाई निवृत्त झाली तरी घरात शिट्टी तिचीच. फोन तीच घेते, मला त्यातलं ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिही.

माया मोजू नकोस, आहे तेवढी असू दे.
तुझी थोरली मावशी

२० जून

ती. थोरल्या मावशीस, शि. सा. न. वि. वि.

मापं आली. गोड बोलून लपवावं असं वाटलं होतं, पण जमत नाही. काल दोनदा तपासलं, मग आमच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचंही तेच मत पडलं.

खुर्चीतून उठताना तू दोनदा-तीनदा प्रयत्न करतेस. चालणं पहिल्या आठवड्यापेक्षा दुसऱ्यात मंदावलं आहे. आणि मावशी, तू दोनदा पडलीस. अकरा तारखेला आणि सोळाला, रविवारी, सकाळी सव्वादहाला. रविवारी पडल्यावर अकरा मिनिटं तू उठली नाहीस. अकरा मिनिटं! मला का कळवलं नाहीस? धाकट्या मावशीला फोन केला तर ती म्हणाली, सगळं छान आहे, थोरली टुणटुणीत आहे. तिलाही तू सांगितलं नाहीस का?

वृद्धाश्रमाचं मी आत्ता काही बोलत नाही. एवढंच कर, एकटी कुठे जाऊ नकोस आणि जिना उतरताना धाकट्या मावशीचा हात घट्ट धर.

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी ठकू

२४ जून

चि. ठकूस, अ. उ. आ.

पत्र परवा मिळालं. मी पडले नाही गं. तो पट्टा मी बांधलाच नव्हता.

शिव्या घाल, पण आधी ऐक. तुझ्या आकड्याच्या धास्तीने मी पट्टा पहिल्याच दिवशी धाकटीच्या कंबरेला बांधला. म्हटलं, ही कवायतवाली, हिचं माप झकास येईल आणि आमची ताटातूट टळेल. तिने एका शब्दाने विरोध केला नाही. एरवी साध्या खोटेपणावर तासभर व्याख्यान देणारी ती, आणि मला त्याचं नवलही वाटलं नाही.

रविवारी सव्वादहाला ती गच्चीत कपडे वाळत घालायला गेली होती. उशिरा आली, शेजारणीशी बोलत बसले म्हणाली. मी खिडकीशी बसून उसवण शिवत होते. डोक्यावर एक मजला फक्त.

दोन दिवस तिच्यावर नजर ठेवून आहे. टेबलाला धरून उठते. मी पाहिलं की टेबल पुसल्यासारखं करते. जिन्यावर ती माझा हात धरते तेव्हा मला वाटायचं, ती मला सांभाळतेय. काल मुद्दाम हात सैल सोडून पाहिला आणि तिचा सगळा भार माझ्यावर आला. मी एक्याऐंशी वर्षांची, काठीवाली! तू मला तिचा हात घट्ट धरायला सांगतेस.

तिला काही बोलले नाही. बोलू कसं? तू ये.

मला माफ केलंस तर बरं, नाही केलंस तरी ये.
तुझी थोरली मावशी

२४ जून

चि. ठकूस, आशीर्वाद.

थोरलीने पाकीट शेजारणीकडून पोस्टात टाकून घ्यायला माझ्याकडे दिलं. चिकटवलेलं नव्हतं, मी वाचलं. शेजारणीच्या हाती पाठवते आहे, त्यातच ही चिठ्ठी घालते.

पट्टा मी निमूट का बांधून घेतला ते तुला सांगते. हिवाळ्यापासून माझे पाय ऐकत नाहीत. तोंडाने कबूल केलं असतं तर थोरलीने त्याच दिवशी माझी सेवा सुरू केली असती आणि आम्ही दोघी जिन्यात पडलो असतो. तिने पट्टा पुढे केला तेव्हा वाटलं, बरं झालं, मला सांगावं लागणार नाही, ठकूला आपोआप कळेल. डबी थोरलीच्या नावाची, हे ध्यानातच आलं नाही. रविवारी गच्चीत पडून होते तेव्हा त्या हिरव्या दिव्याकडे बघत होते आणि तू येशील म्हणून थांबले होते.

तुझं पत्र आलं, त्यात तू थोरलीची काळजी केली होतीस.

तुझी धाकटी मावशी