ओल्या जखमेचा डिंक

३ जून

'टाके उसवलेल्या माणसांनो, आणि त्यांचा पू पुसणाऱ्या परिचारिकांनो! जखम चिघळली की दोष तुमचाच — "स्वच्छता पाळली नाहीत" — हे आणखी किती वर्षं ऐकून घ्यायचं?'

वीस तारखेच्या परिचारिकांच्या सभेतलं भाषण असंच सुरू करायचं. पंधरा वर्षं परिचारिका म्हणून वॉर्डात काढून मी प्रयोगशाळेत आले ती याच रागाने.

शिंपला भर लाटांत खडकाला धरून राहतो. त्याच्या चिकट दोऱ्यांची नक्कल करून आम्ही डिंक बनवला. ओल्या जखमेवरही बसतो. आणि त्यावर जंतू टिकत नाहीत! नुसत्या काचेवर वाढतात, डिंकाच्या बाराच्या बारा पट्ट्या स्वच्छ. सलग तीनदा.

रुग्णालयाच्या समितीने होकार दिला की पहिली पेशंट ताई. साखरेपायी तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम पाच महिने भरत नाही. सर्जन सोळा तारखेपर्यंत थांबणार. मग अंगठा काढणार.

५ जून

ताई म्हणते, "तुझ्या डिंकाने अंगठा मोज्यालाच चिकटला तर?" स्वतःच हसली. मग हळूच, "लाव बाई लवकर."

८ जून

चष्मेवाली — आमची तंत्रज्ञ, बोलते कमी, बघते फार — आज शेजारी उभी होती. एकदम म्हणाली, "बाई, आत्ता काय केलंत?"

"काय?"

"पट्टी पुसलीत. कशाने?"

माझ्या हातात स्पिरिटचा बोळा!

बोट लागलं की पुसायचं — वॉर्डातली सवय. हात करतो, डोक्याला पत्ताही नसतो. काचेवरचं स्पिरिट उडून जायचं. डिंक ते पिऊन बसायचा. मग वर सोडलेले जंतू मरणार नाहीत तर काय!

डिंकाने काही मारलं नाही. मारलं माझ्या बोळ्याने.

११ जून

पुन्हा केलं. स्पिरिटची बाटली खोलीबाहेर ठेवून. बाराच्या बारा पट्ट्यांवर दुधावर साय धरावी तसे जंतू.

१२ जून

विभागप्रमुख म्हणाले, "उद्या समितीपुढे हे काढू नका. पेशंटवर लावलं की कळेलच."

"पहिली पेशंट माझी बहीण आहे!"

"मग तर घाई तुम्हालाच हवी."

खोटं कशाला लिहू? क्षणभर मोह झाला. जिन्यात बसून राहिले. मग स्वतःलाच विचारलं — दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर व्यासपीठावरून तुझी जीभ कशी चालली असती?

१३ जून

तासतासभर बोलणारी मी. समितीपुढे तीन वाक्यं पुरली. चूक माझी. निकाल खोटा. डिंक कुणालाही लावू नका.

ताईला सांगितलं. ती भिंतीकडे वळून झोपली.

१६ जून

अंगठा काढला.

१७ जून

कामाला लागले. डिंक ओल्यात चिकटतो, हे तरी खरं आहे. ते कुणाच्या बोळ्याने झालेलं नाही. आता त्याला जंतूंशी लढायला शिकवायचं. दहा वर्षं लागली तर दहा! चष्मेवालीला सांगून ठेवलंय — माझा हात बाटलीकडे गेला की सरळ फटका मार. "मारीन की," म्हणाली. फार आनंदाने.

१८ जून

ताई पाच दिवसांनी बोलली. "कुठले जंतू वापरतेस गं?"

"प्रयोगशाळेत वाढवलेले."

"म्हणजे पाळीव! मांजर मारायचं नि वाघ मारला म्हणून सांगायचं? चिघळलेल्या जखमांतले घे की. माझ्या कापलेल्या अंगठ्यापासून सुरू कर."

एवढी पुस्तकं वाचली मी. हे सुचलं तिला!

२० जून

सभा. भाषण घडी घालून पर्समध्येच राहिलं. माझी चूक सांगितली आणि माइक ताईकडे दिला — जन्मात चारचौघांत न बोललेली, चाकाच्या खुर्चीतली माझी ताई.

"बायांनो, सोमवारी सकाळी प्रत्येकीने आपल्या वॉर्डातल्या एका चिघळलेल्या जखमेवर फिरवलेला बोळा, पेशंटला विचारून, हिच्या खोलीत आणून द्या. पहिला माझा दिलाय."