सवच्या वाफेतली सभा

शनिवार, संध्याकाळ

‘मोबाइलवर पैजा लावणाऱ्या माझ्या वाडीतल्या पोरांनो, आपल्याला लुटणारा आपल्याच खिशात बसलाय.’ वाडीच्या मंडळाच्या उद्याच्या सभेतल्या भाषणाची सुरुवात जमली. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो होतो. वाफेत सभा दिसत होती, टाळ्याही ऐकू येत होत्या.

तेवढ्यात बिरवाडीहून ताईचा फोन. “नुसतं भाषण ठोकू नको रे. मंडळानं वर्गणी काढून तुझी कॉलेजची फी दिलीय, पावती पण आण.”

“आणतो,” म्हणालो. कुठून आणणार? ती वर्गणी मी पैजेत हरलो, वर मित्रांची उधारी. कॉलेज हप्ते पाडून देईल, कारखान्यात रात्रपाळीही मिळेल. पण सभेचं काय?

वाफ अजून डोळ्यांपुढे तरंगतेय. तिच्यातली माणसं आता टाळ्या वाजवत नाहीत, नुसती माझ्याकडे बघतायत.

मीच मला बजावलं, उद्या उभा राहिलास की पहिलं वाक्य हेच बोल : तुमची वर्गणी मी जुगारात हरलो.