गनौरीचा बिल्ला

पाटणा

पूज्य बाबूजी,

दुरूनच पाया पडते. मी बरी आहे. आईने पाठवलेला सत्तू अजून पुरतोय. तुमचा खोकला कसा आहे?

मेट्रो स्टेशनचं काम चालू आहे. तुमच्या धनबादच्या खाणीत होता तसाच बिल्ल्यांचा फळा इथेही आहे. खाली उतरताना आपला बिल्ला लावायचा, वर आल्यावर काढायचा. मंगळवारी भुयारात हवा पुरवणारे पंखे दुरुस्तीला घ्यायचे होते. फळा रिकामा बघून मीच ते बंद करायला सांगितले. नियमाने ते बरोबर होतं.

पण गनौरी नावाचा वेल्डर भुयाराच्या टोकाशी अजून काम करत होता. त्याचा बिल्ला त्याच्या मित्राने, झगरूने, आधीच काढून ठेवला होता.

"त्याला रांगेत उभं राहायचा भारी कंटाळा, मॅडम," झगरू म्हणाला. "नवाबच तो! रोज मीच काढतो. म्हटलं, येईलच मागून."

गनौरीला बेशुद्धच वर आणलं. त्याने अजून डोळे उघडलेले नाहीत. झगरू दवाखान्याच्या पायरीवर बसून असतो, बिल्ला मुठीत धरून. मी मागितला, तर म्हणाला, "त्याच्याच हातात देईन." मी पुन्हा मागितला नाही.

तुम्ही तुमच्या बिल्ल्याला कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. त्यावरून आम्ही तुम्हाला चिडवायचो.

आईला अजून वाटतं, मी वर टेबलाशी बसून नकाशे काढते. तिला हे वाचून दाखवू नका. तुमच्यापुरतं लिहिते: माझा बिल्ला मीच लावते आणि मीच काढते.

तुमची,
निभा