अव्वाची अँबॅसिडर

अव्वा, रविवारी मी जुन्या गाड्या बघायला गेले होते. सोलापुरात आता असलं काहीबाही भरतं. हौशी लोक आपापल्या गाड्या घासूनपुसून मैदानात आणून लावतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती फोटो काढत फिरतात. सूनबाई म्हणाली, "चला की आई, घरात बसून तरी काय करणार?" म्हणून गेले. मोठाल्या टायरांची जीप, तोंड दिसेल इतक्या चकचकीत बंपरच्या परदेशी गाड्या, कुणाचं छतच कापून टाकलेलं, कुणाच्या दारावर ज्वाळा रंगवलेल्या. बघत बघत शेवटच्या रांगेत आले आणि तिथंच उभी राहिले. अँबॅसिडर. आपली नव्हे, आपली सायीच्या रंगाची होती आणि ही मोरपंखी. पण तोंडवळा तोच, गोल डोळ्यांचा, भोळसट.

आपली गाडी अप्पांनी जुनीच घेतली होती, भवानी पेठेतल्या दुकानातून चादरींचे गठ्ठे न्यायला. मग त्यांना चक्कर यायला लागली, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, आणि घरात गाडी विकायचं बोलणं सुरू झालं. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी शिकते." काका हसले. तू हसली नाहीस. अप्पांच्या ओळखीचा एक ट्रक ड्रायव्हर सकाळी तुला शिकवायला यायचा आणि दुपारी स्वयंपाकघरात तुझा सराव चालायचा. पाटावर बसून डावा पाय दाबतेस, हवेतला गिअर ओढतेस आणि तव्यावर भाकरी करपते. "अव्वा, भाकरी!" मी ओरडते. "थांब, थर्डमध्ये हाय," तू म्हणतेस. पुढं इरकली लुगडं, कपाळाला विभूती आणि सीटवर चादरीची घडी अशा थाटात तू अक्कलकोटपर्यंत गाडी न्यायला लागलीस. ती घडी नसली तर तुला बॉनेटपलीकडचं दिसायचंच नाही.

आणि टेंभुर्णीचा तो दिवस. माझ्यासाठी आलेल्या स्थळाचं घर बघायला आईबाप आणि लेक असे आपण तिघं गेलो होतो. माणसं बरी वाटली, मुलगाही बरा होता, मी नकार द्यावा असं त्याच्यात काही नव्हतं. चहा आला आणि मुलाच्या चुलत्यांनी सहज विचारलं, "ड्रायव्हर कुटं बसलाय? त्याला बी चहा द्या की."

"मीच आणली गाडी," तू म्हणालीस.

ते अप्पांकडं बघत राहिले. "बाईमाणसानं? एवढ्या लांब? आमच्यात न्हाय चालत हे. सोयरीक झाल्यावर बंद करावं लागंल."

"काय बंद करायचं?"

"गाडी की."

तू कपबशी खाली ठेवलीस. भरलेलीच. माझ्याकडं बघून कन्नडमध्ये एवढंच म्हणालीस, "नडी." चल. लोक चपला शोधेपर्यंत तू गाडी सुरूही केली होतीस. हायवेला लागल्यावर मागून अप्पा म्हणाले, "जरा दमानं घ्यायचं होतंस. पोरीचं लग्न हाय." तू थोडं पुढं जाऊन गाडी कडेला घेतलीस, उतरलीस, पदरानं तोंड पुसलंस. घाम होता की आणखी काही, मी विचारलं नाही. मग माझ्या बाजूचं दार उघडून म्हणालीस, "सरक तिकडं. तू चालव."

"आता? हितं?" अप्पा दचकलेच.

"मग कवा? तिच्या सासऱ्याला विचारून?"

स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर माझा हात आणि माझ्या हातावर तुझा. मी सारखी खाली बघायचे आणि तू खेकसायचीस, "खाली काय बघतीस? गिअर कुटं पळून जात न्हाय. रस्त्याकडं बघ." उसाचा एक ट्रक समोरून आला तेव्हा मी डोळे मिटले होते, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? मोहोळपर्यंत मी चालवली. तिथं तू मला उसाचा रस पाजलास आणि अप्पांना म्हणालीस, "बघा, न्हाय मेलो."

त्यानंतर बरेच दिवस माझं लग्न जमलं नाही. आईच अशी तर पोरगी कशी असंल, हे पेठेत फिरून आपल्याच दारी यायचं. एकदा तांदूळ निवडता निवडता तू विचारलंस, "माझं चुकलं का गं?" तुझ्या तोंडून तसला प्रश्न मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी नाही म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग हे आले. यांनी आधी गाडीचं बॉनेट उघडून बघितलं आणि मग मला. तू तिथंच होकार देऊन टाकलास. तू गेल्यावर गाडी दारात उभी राहून गंजली. भंगारवाला ओढून न्यायला आला त्या दिवशी मी माहेरीच होते, पण बाहेर आले नाही.

रविवारच्या गाडीची मालकीण अक्कलकोटची, तिशीतली. तिच्या आजोबांची गाडी. तिनं आतलं सगळं बदलून घेतलंय. एसी, हलकं स्टिअरिंग, आपोआप पडणारे गिअर. "लोक नावं ठेवतात काकू. जुनं जपायचं सोडून मोडून ठेवलं म्हणतात. पण मला रोज चालवायची हाय की." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "येती का तुम्हाला?" मी काही बोलायच्या आत सूनबाई हसली, "आईंना? छे!" लग्नानंतर आमच्याकडं स्कूटर होती, आणि ती यांची. तिला कुठून माहीत असणार. मी दार उघडून बसले. डावा पाय क्लच शोधत राहिला. पोरगी म्हणाली, "काकू, नुसता ब्रेक सोडा." मैदानाच्या मोकळ्या कडेनं मी एक फेरी मारली. सूनबाई फोन काढायचंसुद्धा विसरली.

घरी येताना तिनं विचारलं, कशी वाटली. मी म्हणाले, आपल्या जुन्या गाडीची सर हिला कशाला येतीय. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं तरी तुला वाचता येणार नाही. तुझी शाळा कन्नड, आणि मला कन्नड बोलता येतं तेवढंच, लिहिता येत नाही. म्हणून तर इथं खरं लिहिते. मला ती नवी केलेलीच जास्त आवडली, अव्वा. क्लच नाही, हात भरून येत नाही, लोण्यासारखी चालते. पुढच्या रविवारी परत येऊ का, म्हणून मी त्या पोरीला विचारून ठेवलंय.